रिझर्व्ह बँकेला खुलं पत्र: चुकीचा चार्ज फक्त भांडणाऱ्यालाच परत का मिळतो?

मा. गव्हर्नर साहेब आणि ग्राहक शिक्षण व संरक्षण विभागातली सगळी अधिकारी मंडळी,
भारतीय रिझर्व्ह बँक, शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी लालबागला राहते, एका ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते आणि आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. त्यामुळे मेंटेनन्सचा चेक द्यायला येणारी माणसं सोबत क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंटपण घेऊन येतात, 'बघ गं जरा, हे काय लावलंय यांनी' म्हणून. गेली काही वर्षं मी अशी बरीच स्टेटमेंट बघितली, बऱ्याच तक्रारी लिहून दिल्या, काहींचे पैसे परत आले, काहींचे नाही आले. आणि एक गोष्ट मला आता नीट कळलीय ती तुम्हाला सांगायची आहे: नियम मोडून कापलेले पैसे परत मिळतात, पण फक्त त्यालाच जो भांडतो. बाकीच्यांचे पैसे बँकेकडेच राहतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही.

आधी हे सांगते की तुमचे नियम चांगले आहेत, मनापासून म्हणतेय. २१ एप्रिल २०२२ ला तुम्ही क्रेडिट कार्डांबद्दलचं जे मास्टर डायरेक्शन, म्हणजे सगळे नियम एका जागी, काढलंत आणि १ जुलै २०२२ पासून लागू केलंत ते मी बसून वाचलंय, आणि सामान्य माणसाच्या बाजूने इतकं स्पष्ट लिहिलेलं बघून मला खरंच बरं वाटलं होतं. न मागता कार्ड द्यायचं नाही. न मागता कार्ड देऊन किंवा न विचारता कार्ड अपग्रेड करून चालू केलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते चार्जेस तर परत करायचेच, वर त्याच्या दुप्पट दंड त्या माणसाला द्यायचा, तोही कुरकुर न करता. ३० दिवसांत कार्ड ॲक्टिव्हेट नाही केलं तर ओटीपी घेऊन विचारायचं, आणि ग्राहकाने 'हो' म्हटलं नाही तर सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं, एक पैसा न घेता. कार्डावर काही थकबाकी नसताना ग्राहकाने कार्ड बंद करा सांगितलं आणि सात कामाच्या दिवसांत नाही केलं तर रोजचे ५०० रुपये ग्राहकाला. लेट फी ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटून गेल्याशिवाय लावायची नाही, आणि लावली तर ती ड्यू डेटनंतर जेवढे पैसे बाकी राहिले तेवढ्यावरच, अख्ख्या बिलावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न भरलेले चार्जेस आणि टॅक्स मुद्दलात धरून त्यावर व्याज लावायचं नाही, हे १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे.

आता हे सगळं कागदावर आहे आणि आमच्या मजल्यावरच्या काकांच्या बाबतीत काय झालं ते सांगते.

काका बेस्टमधून रिटायर झालेत. त्यांनी बँकेत एफडी रिन्यू केली आणि थोड्या दिवसांनी कुरिअरने घरी कार्ड आलं. त्यांनी मागितलं नव्हतं, कुठल्या फॉर्मवर त्यासाठी सही केल्याचं त्यांना आठवत नाही, आणि बँकेनेही नंतर तशी सही दाखवली नाही. पाकीट उघडलं, कार्ड त्या जाड कागदाला गोंदाने चिकटवलेलं असतं ना तसंच, आणि काकांनी ते तसंच पाकिटात घालून कपाटातल्या फाइलमध्ये ठेवलं. मी बघितलं तेव्हाही ते कागदाला तसंच चिकटलेलं होतं, मागच्या सहीच्या पट्टीवर पेनाची रेघसुद्धा नाही. एकदाही वापरलेलं नाही. आणि त्या कार्डावर पहिल्याच स्टेटमेंटला ॲन्युअल फी ९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी १७९ रुपये ८२ पैसे, झाले ११७८ रुपये ८२ पैसे. स्टेटमेंट ईमेलवर, काका ईमेल बघत नाहीत. पुढच्या महिन्यात लेट फी ५००, त्यावर जीएसटी ९०, आणि वर व्याज. त्याच्या पुढच्या महिन्यात परत लेट फी, परत जीएसटी, आणि आता व्याज त्या लेट फीवरसुद्धा. सहा महिन्यांत ज्या कार्डावर एक चहा घेतला नाही त्याची बाकी पाच हजारांच्या पुढे गेली. काकांना हे कळलं वसुलीवाल्याच्या फोनवरून, आणि तो फोन आला रात्री नऊच्या सुमाराला. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीचा फोन करायचा नाही हापण तुमचाच नियम आहे. काकू त्या रात्री झोपल्या नाहीत. आयुष्यभर कोणाचा एक रुपया बुडवला नाही अशा माणसाला तुम्ही डिफॉल्टर आहात असं सांगितलं गेलं, आणि काका दोन दिवस कोणाशी नीट बोलत नव्हते.

त्याहून वाईट पुढे आहे. त्यांच्या मुलीने एज्युकेशन लोनसाठी अर्ज केला होता, काका को-अ‍ॅप्लिकंट. तिकडून कळलं की सिबिलमध्ये थकबाकी दिसतेय. साहेब, ॲक्टिव्हेट न झालेल्या नव्या कार्डाची माहिती क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, द्यायचीच नाही असं तुमच्याच डायरेक्शनमध्ये लिहिलंय. म्हणजे एका कार्डावर किती नियम मोडले गेले ते तुम्हीच मोजा: न मागता दिलं, चालू नसताना फी लावली, फीवर आणि लेट फीवर व्याज लावलं, रात्री फोन केला, ब्युरोला कळवलं.

मी तक्रार लिहून दिली. बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल आणि एक प्रत शाखेत देऊन शिक्का मारून घेतला. त्यात रागाचं एक वाक्य नव्हतं. प्रत्येक चार्जची तारीख, रक्कम, तो तुमच्या कुठल्या नियमाच्या विरुद्ध जातो, त्यावरचा जीएसटी किती, त्यावर लावलेलं व्याज किती, आणि शेवटी आम्हाला काय पाहिजे: सगळे चार्ज परत, जीएसटी परत, व्याज परत, दुप्पट दंड, ब्युरोकडची नोंद दुरुस्त, आणि न मागितलेल्या कार्डाच्या संमतीचा पुरावा असेल तर तो दाखवा. चुकीच्या बिलाबद्दल ग्राहकाने तक्रार केली तर ३० दिवसांत कागदपत्रांसकट खुलासा द्यायचा हेही तुम्हीच सांगितलंय, म्हणून तेही लिहिलं. कोणाला स्वतःसाठी असं पत्र लिहायचं असेल तर असंच लिहा, लांबलचक कहाणी नको, तारीख-रक्कम-नियम-मागणी एवढंच, आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

३० दिवस पूर्ण व्हायच्या थोडं आधी काकांच्या मोबाइलवर मेसेज आला की आपल्या विनंतीचा विचार करून एक वेळची सवलत म्हणून शुल्क माफ करण्यात आलं आहे. विनंती? सवलत? काकांनी विनंती केलीच नव्हती, त्यांनी तक्रार केली होती. खात्यात फी आणि लेट फी उलट झाली, जीएसटी तसाच राहिला, त्यासाठी परत ईमेल, परत वाट. ब्युरोची नोंद आणखी मागे लागल्यावर निघाली. दुप्पट दंडाबद्दल उत्तरात एक अक्षर नाही. मी काकांना म्हटलं आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊ, त्यांच्या सीएमएस नावाच्या पोर्टलवर तक्रार टाकू, फी लागत नाही, वकील लागत नाही, मी भरून देते. काका म्हणाले, 'पैसे आले ना, झालं मग. आता परत कशाला डोक्याला ताप.' आणि मी त्यांना दोष देत नाही. सत्तरीच्या आसपासच्या माणसाने किती झगडायचं.

आता मी अकाउंट्सवाली आहे म्हणून मला जे दिसतं ते सांगते. बँकेच्या हिशोबात ही रक्कम सवलत म्हणून पडली. म्हणजे बँकेने चूक केली अशी नोंद कुठेच नाही. नियम मोडला नाही तर दंडाचा प्रश्न नाही. तक्रार लोकपालाकडे गेली नाही म्हणजे तुमच्या वार्षिक अहवालात ती नाही. तुमच्या इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्याने रजिस्टर उघडलं तर त्याला दिसणार की ग्राहकाची विनंती आली, बँकेने उदारपणे मान्य केली, तक्रार बंद. किराणावाल्याने वीस रुपये जास्त घेतले आणि आपण परत जाऊन दाखवल्यावर 'घ्या, तुमच्यासाठी डिस्काउंट' म्हणून तेच वीस रुपये हातावर ठेवले तर आपण त्याला सोडू का? इथे मात्र हे रोज चालतंय आणि आपण सगळे थँक यू म्हणून फोन ठेवतोय.

आणि त्याच दिवशी, त्याच शाखेतून, तशाच एफडीवाल्या आणखी किती लोकांना तसंच कार्ड गेलं असेल? एकट्या काकांना निवडून कोणी कार्ड पाठवत नाही, ही कॅम्पेन असते, लिस्ट असते, टार्गेट असतं. बँकेच्या कम्प्युटरला एका मिनिटात कळेल की कुठली कार्डं कधीच ॲक्टिव्हेट झाली नाहीत आणि त्यांच्यावर फी लागलीय. लावताना ती आपोआप लागली. मग काकांची चूक सापडल्यावर बाकीच्यांची आपोआप परत का नाही झाली?

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं वेगळंच. ती कल्याणहून येते, पहाटे उठून डबे करून सकाळची फास्ट पकडते, संध्याकाळी उभ्याने परत. तिला दुपारी कामात असताना फोन आला, मॅडम तुमच्या कार्डावर प्रोटेक्शन प्लॅन आहे, पहिला महिना फ्री, नको असेल तर कॅन्सल करा. तिने बरं बरं म्हटलं असेल किंवा नसेलही, तिला आठवत नाही. त्यानंतर दर महिन्याला थोडे थोडे पैसे कटायला लागले, रक्कम इतकी बारीक की किराणा, पेट्रोल, ऑनलाइन ऑर्डर यांच्या मधे ती ओळ दिसतच नाही. मी स्टेटमेंटवर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होते तेव्हा सापडली, नावसुद्धा असं छोटं करून छापलेलं की विमा आहे हे कळू नये. कार्डासोबत विमा द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती पाहिजे. आम्ही म्हटलं संमतीचं रेकॉर्डिंग ऐकवा. रेकॉर्डिंग काही आलं नाही, आले ते मागच्या काही महिन्यांचे पैसे, परत तीच सवलत, आणि त्याआधीच्या महिन्यांबद्दल सांगितलं की सिस्टममध्ये तेवढंच मागे जाता येतं. पैसे घेताना सिस्टम कितीही पुढे जाते आणि देताना मागे जाता येत नाही हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये.

तुम्ही म्हणाल की लोकपाल आहे ना. आहे, आणि ती चांगली सोय आहे. १२ नोव्हेंबर २०२१ ला एकात्मिक लोकपाल योजना आली, देशभर एकच पोर्टल, १४४४८ वर फोन, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तक्रार करता येते, त्या २०२१ च्या योजनेत नुकसानभरपाई २० लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यासाठी वेगळे १ लाखापर्यंत. मुंबईच्या माणसाला तर लोकपालाचं ऑफिससुद्धा मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर आहे. पण ११७८ रुपयांसाठी किती जण तिथपर्यंत जातील? आधी कस्टमर केअरच्या त्या मशीनशी बोलायचं, मग माणूस आला की पहिल्यापासून सगळं सांगायचं, फोन कट झाला की परत मशीन, मग नोडल ऑफिसर म्हणजे बँकेचा तक्रारी बघणारा अधिकारी, मग ३० दिवस, मग पोर्टलवर पीडीएफ चढवायचे. एक दिवस सुट्टी घेतली की ज्याचा पगार कटतो, ज्याला इंग्लिश पत्र लिहिता येत नाही, ज्याच्या सोसायटीत खजिनदारीणबाई नाही, तो काय करतो? तो भरून टाकतो. रक्कम अशीच ठेवलीय की भरून टाकणं भांडण्यापेक्षा स्वस्त पडावं.

बाहेर हे कसं केलं ते थोडं सांगते, कारण ते मी मुद्दाम वाचलं. ब्रिटनमध्ये २००६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, क्रेडिट कार्ड कंपन्यांना सांगितलं की उशिरा भरण्याचा चार्ज १२ पौंडांपेक्षा जास्त असेल तर आम्ही तो अन्याय्य धरू, कारण चार्ज हा कंपनीला त्या उशिरामुळे जो खर्च पडतो त्याच्या हिशोबाने असायला पाहिजे, कमाईसाठी नाही. बहुतेक कंपन्या १२ वर आल्या, आणि लोकांनी जुने कापलेले पैसेही पत्रं लिहून परत मागायला सुरुवात केली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कार्डाच्या आणि कर्जाच्या विम्याचं प्रकरण, ज्याला तिकडे पीपीआय म्हणतात, लोकांच्या गळ्यात मारलेला पेमेंट प्रोटेक्शनचा विमा. २०१० साली तिथल्या नियामकाने बँकांना सांगितलं की तक्रारींचं मूळ शोधा, आणि चूक सगळीकडे सारखीच झालीय असं दिसलं तर ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचाही विचार करा, त्यांच्यापर्यंत तुम्ही जा. बँकांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९, आणि तोपर्यंतच्या दाव्यांपोटी बँकांनी ३८०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम परत केली. आता विचार करा, प्रत्येकाने एकेकट्याने भांडायचं असतं तर यातले किती पैसे परत आले असते.

आपल्याकडेही तुम्ही हा विचार केलेला आहे, फक्त कार्डवाल्यांना त्यातून बाहेर ठेवलंत. १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जावरच्या पीनल चार्जेसबद्दल तुम्ही सर्क्युलर काढलंत, त्यात साफ म्हटलंय की दंड शिस्त लावण्यासाठी आहे, उत्पन्न वाढवण्याचं साधन नाही, तो वाजवी पाहिजे आणि चूक जेवढी तेवढ्या प्रमाणात पाहिजे. इतकं चांगलं वाक्य लिहून पुढे लिहिलंय की हे क्रेडिट कार्डाला लागू नाही, कारण कार्डांसाठी वेगळे नियम आहेत. पण त्या वेगळ्या नियमांत लेट फी किती असावी याला आकडाच नाही, स्लॅब बँक ठरवते. होम लोनवाल्याला जे संरक्षण आहे ते कार्डवाल्याला का नाही हे मला समजत नाही, उलट कार्ड तर आता वॉचमनच्या, नर्सच्या, नवीन नोकरीला लागलेल्या पोरांच्या हातात आहे.

व्याजाबद्दल जास्त लिहीत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, हा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे म्हणून. ठीक आहे, कोर्टाचा मान आहे. पण म्हणजे आता दार एकच उरलं, तुमचं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ५०,००० बाकी असेल तर महिन्याचं व्याज १७५०, त्यावर जीएसटी ३१५, झाले २०६५, आणि समजा मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात भरावीच लागणारी कमीत कमी रक्कम, पाच टक्के म्हणजे २५०० भरले तर मुद्दल कमी झालं फक्त ४३५ रुपयांनी. हे गणित मी आमच्या सोसायटीतल्या पोरांना कागदावर करून दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात, कारण ॲपवर हिरव्या बटणात मिनिमम ड्यू लिहिलेलं असतं आणि ते भरलं की टिक येते, सगळं व्यवस्थित झाल्यासारखी.

एक गोष्ट स्पष्ट करते म्हणजे गैरसमज नको. खर्च केला तर भरायला पाहिजे, वेळेत भरायला पाहिजे, उशीर झाला तर व्याज पडणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही आणि कोणाचं कर्ज माफ करा असंही मी म्हणत नाही. बँका म्हणतात कार्डाचं कर्ज विनातारण आहे, बुडण्याची भीती जास्त. मान्य, त्यासाठीच ते ४२ टक्के आहेत ना. पण काकांनी कर्ज घेतलंच नव्हतं. माझ्या मैत्रिणीने तर एकही बिल चुकवलं नाही. यात बुडणारं काय होतं?

कोणी म्हणेल ग्राहक कोर्टात जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, त्यात करार मोडल्याने समोरच्याचं जेवढं नुकसान झालं त्याच्याशी काहीच प्रमाण नसलेला दंड लावणं हे येतं. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागतं. ५०० रुपयांच्या लेट फीसाठी राज्य आयोग! म्हणून मी हे पत्र तुम्हाला लिहितेय, कोर्टाला नाही. तुमचं एक सर्क्युलर निघालं तर जे काम होईल ते आम्ही हजार जणांनी हजार केस लढूनही होणार नाही.

तर माझी मागणी अशी आहे. बँकेने कार्डावरचा कुठलाही चार्ज उलटा केला तर का केला त्याचं कारण ठरलेल्या यादीतूनच नोंदवायला लावा, आणि चार्ज नियमाच्या विरुद्ध होता असं असेल तर ती सवलत म्हणून पडता कामा नये. ग्राहकाला मेसेज जाईल त्यात लिहिलेलं असावं की हा चार्ज चुकीने लावला होता, इतका चार्ज, इतका जीएसटी, इतकं व्याज, आणि जिथे दुप्पट दंड लागू आहे तिथे तो मागायची वाट न बघता त्याच दिवशी जमा व्हावा. ज्या चुकीसाठी एका ग्राहकाचे पैसे परत केले तीच चूक त्याच कार्डाच्या, त्याच कॅम्पेनच्या, त्याच महिन्याच्या बाकी खात्यांत झालीय का हे बँकेने शोधायचं आणि त्यांनी तक्रार केलेली नसली तरी पैसे पाठवायचे. ज्यांनी कार्ड बंद केलं, नंबर बदलला, गावाला गेले, त्यांच्यासाठीसुद्धा, कारण त्यांचं बचत खातं बहुतेक वेळा त्याच बँकेत असतं. मागे किती जायचं याचं उत्तर सिस्टम नाही, जेव्हापासून चुकीचा चार्ज लागला तेव्हापर्यंत.

१८ ऑगस्ट २०२३ चं तत्त्व कार्डाला लागू करा. लेट फी कितीही असो, ती मूळ बाकीपेक्षा मोठी होऊच नये एवढं तरी आत्ता सांगा, बाकी अभ्यास करून ठरवा.

ब्युरोचं वेगळं लिहिते कारण त्याने माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई हा तुमचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, पण त्यासाठीही माणसाला वेगळी तक्रार करावी लागते. चार्ज चुकीचा होता हे बँकेने मान्य केलं की नोंद काढायचं काम बँकेचंच असावं, ग्राहकाचं नाही. काकांच्या मुलीचं लोन शेवटी झालं पण ॲडमिशनची फी भरायची तारीख निघून जायला आली होती, आणि मधल्या काळात त्यांनी नातेवाइकांकडून हातउसने घेतले. ते घेताना काकांना काय वाटलं असेल ते मला माहितीय, मी समोर बसले होते.

आणि स्टेटमेंट मराठीत द्या. सगळं नाही जमत तर निदान चार्जेसचा भाग, मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर: या महिन्यात तुमच्याकडून एवढं शुल्क घेतलं, या कारणासाठी, पटत नसेल तर इथे कळवा. ज्या बँकांना कार्ड विकताना आमच्याशी मराठीत बोलता येतं त्यांना हेही जमेल.

तुम्ही 'आरबीआय कहता है' च्या जाहिराती करता, त्यात लोकांना जागे राहा सांगता, ते चांगलंच आहे. पण काका जागेच होते. त्यांनी कार्ड वापरलं नाही, कोणाला ओटीपी दिला नाही, पिन कोणाला सांगितला नाही, लिंक दाबली नाही. जाहिरातीत सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. म्हणून यापुढचं काम ग्राहकाला शिकवण्याचं नाही, बँकेकडून हिशोब मागण्याचं आहे. दर वर्षी प्रत्येक कार्ड देणाऱ्या बँकेने जाहीर करावं की किती चार्ज चुकीचे म्हणून परत केले, त्यातले किती तक्रार आल्यावर आणि किती स्वतःहून, आणि दुप्पट दंड म्हणून किती रक्कम दिली. हे आकडे तुमच्या वेबसाइटवर बँकेच्या नावासमोर छापा. माझ्याकडे लोकांच्या परवानगीने ठेवलेल्या स्टेटमेंटच्या आणि उत्तरांच्या प्रती आहेत, तुमच्या विभागातून कोणी बघायला तयार असेल तर मी फोर्टला घेऊन येते, शनिवार सोडून कुठल्याही दिवशी, लंच टाइममध्ये.

आपली,
लालबागच्या एका सोसायटीची खजिनदार